दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात मन खचू नये म्हणून काय करावे?

अजिंक्यताऱ्याखालचा (सातारा)

नमस्कार मंडळी. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी गुणवत्ता विभागात होतो. पत्नी सातारा तालुक्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असल्याने इतकी वर्षे सोमवारी पहाटेची एसटी धरायची आणि शनिवारी रात्री घरी परतायचे, असाच माझा क्रम होता. दिवाळीनंतर एका मोठ्या ग्राहकाचे काम कंपनीकडून गेले आणि त्याबरोबर आमची पदेही गेली. हिशेब रीतसर मिळाला, अनुभवाचे प्रमाणपत्र मिळाले, त्याविषयी तक्रार नाही. वय चाळिशीच्या पुढे आहे, मुलगी दहावीला आहे आणि घरकर्जाचे हप्ते अजून शिल्लक आहेत. पत्नीच्या पगारात घर चालते, हप्ते शिलकीतून जातात, म्हणजे उद्या चूल कशी पेटेल ही चिंता नाही. चिंता मनाची आहे, आणि ती नेमकी कशी आहे हे सांगितल्याशिवाय उपयोगी उत्तर मिळणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सकाळ बरी जाते. पत्नी आणि मुलगी बाहेर पडल्या की मी संगणक उघडतो, नव्या जागा पाहतो, जिथे योग्य वाटेल तिथे अर्ज करतो. अकरापर्यंत हे सगळे आटोपते, पण मी उठत नाही. तीच पाने पुन्हा उघडतो, ईमेल पुन्हा तपासतो, आणि ‘आपला अर्ज पाहिला गेला’ अशी सूचना आली की तो कोणी पाहिला असेल, पाहून काय म्हटले असेल, यावर अर्धा तास घालवतो. जेवताना मोबाइल ताटाशेजारी उताणा ठेवलेला असतो. दुपारी दोन ते पाच हा काळ सर्वांत अवघड. कामावर असताना त्या तीन तासांत दोन बैठका, एक तपासणी आणि पुरवठादाराशी एक वाद सहज बसत असे. आता वडील झोपलेले असतात, गल्लीत चिटपाखरू नसते आणि घड्याळाचा काटा हलत नाही.

मुलाखती होतात, काही चांगल्याही होतात, परंतु त्यानंतर कोणी काही कळवत नाही. नकार आला तर निदान विषय संपतो. इथे आठवडे उलटतात आणि मी माझ्याच उत्तरांची उजळणी करत राहतो. रात्री तीनला जाग येते आणि मग तेच चालते.

आणखी एक गोष्ट आहे, जिची माझ्या मते याहून अधिक झळ बसते. वडिलांच्या आग्रहामुळे शेजारी आणि नातेवाईक यांना आम्ही ‘घरून काम चालू आहे’ असे सांगितले आहे. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आयुष्यभर एका खात्यात राहिले. मुलाची नोकरी गेली हे चारचौघांत सांगणे त्यांना जमत नाही. परिणामी सकाळी किल्ल्यावर फिरायला जाणे मी बंद केले आहे, कारण तिथे निम्मे सातारा भेटते. लग्नकार्ये टाळतो. दाराची बेल वाजली तर हेडफोन कानाला लावून मग दार उघडतो.

‘सकारात्मक राहा’ असे सगळे सांगतात. कसे राहायचे ते सांगणारा अजून भेटलेला नाही. म्हणून या परिस्थितीतून गेलेल्यांना किंवा हे जवळून पाहिलेल्यांना माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, दिवसाची आणि मनाची घडी या काळात प्रत्यक्षात कशी बसवावी? दुसरा, साताऱ्याच्या एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात पूर्वीच्या निम्म्याहून कमी पैशांत काम मिळण्याची शक्यता आहे. ते स्वीकारावे, की पूर्ण वेळ शोधालाच द्यावा?

निवड_विभाग (सांगली)

मी कुपवाड एमआयडीसीतील एका अभियांत्रिकी कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळतो. मनाविषयी अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही, परंतु ज्या शांततेने तुमची झोप उडवली आहे ती निर्माण करणाऱ्यांपैकी मी एक असल्याने तिच्या आत काय घडत असते ते सांगू शकतो.

विभागप्रमुख जागा मागतो, वरून तोंडी होकार येतो, आम्ही जाहिरात देतो आणि मुलाखती घेतो. मग ग्राहक एखादी ऑर्डर पुढे ढकलतो, किंवा मार्चअखेर जवळ आल्यामुळे ‘हे पद एप्रिलनंतर पाहू’ असे ठरते. जागा रद्द झालेली नसते, त्यामुळे उमेदवाराला नकार कळवायचा नसतो. मंजूरही नसते, त्यामुळे होकारही देता येत नाही. कधी दुसऱ्या कारखान्यातील माणूस बदलीवर येतो. कधी निवडलेला उमेदवार तीन महिन्यांच्या नोटीस काळात आहे आणि तो प्रत्यक्ष हजर होईपर्यंत आम्ही दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मुद्दाम काहीच सांगत नाही, कारण पहिला ऐन वेळी फिरला तर दुसरा हाताशी हवा असतो. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही. किंबहुना दोन ओळींची ईमेल पाठवण्याइतके सौजन्य आमच्या व्यवसायात असायला हवे. पण या सगळ्यात तुमच्या उत्तरांचा संबंध फार थोडा असतो, हे रात्री तीन वाजता स्वतःला सांगण्याजोगे आहे.

मुलाखतीनंतर आठवड्याने एक विनम्र पत्र पाठवावे, त्यानंतर दहा-बारा दिवसांनी दुसरे, आणि त्याचेही उत्तर आले नाही तर वहीत त्या कंपनीपुढे ‘बंद’ असे लिहून टाकावे. त्यांनी नंतर बोलावले तर आनंदाने जावे, पण वाट पाहण्याच्या यादीतून ती कंपनी गेली पाहिजे.

आता जे सांगणार आहे ते कदाचित कडू लागेल. गुणवत्ता विभागातील तुमच्या पातळीवरची माणसे आम्ही संकेतस्थळांवरून क्वचितच शोधतो. आम्ही ओळखीच्या पुरवठादाराला विचारतो, तपासणीसाठी येणाऱ्या ऑडिटरला विचारतो, जुन्या सहकाऱ्याला फोन करतो. शिरवळ, कुपवाड, किर्लोस्करवाडी, कोल्हापूरकडील शिरोली आणि गोकुळ शिरगाव या पट्ट्यात ही माणसे एकमेकांना ओळखतात. ‘घरून काम चालू आहे’ असे तुम्ही ज्यांना सांगितले आहे, त्यांच्यापैकी कोणाच्या मेव्हण्याच्या कारखान्यात जागा निघाली तर तुमचे नाव त्यांना सुचणारच नाही. मनावर ताण येतो ही एक गोष्ट झाली. त्याखेरीज नोकरी येण्याचा मुख्य रस्ताच यामुळे बंद राहतो.

मिरजेची_समुपदेशक (मिरज)

मी मिरजेत समुपदेशनाचे काम करते. अशा ठिकाणी कोणाचेही निदान करता येत नाही आणि करूही नये, त्यामुळे माझे लिहिणे सर्वसाधारण समजावे.

नोकरी गेल्यावर दुःख होणे, चिडचिड होणे, काही रात्री झोप न लागणे हे अपेक्षितच आहे. परंतु सलग दोन आठवडे, दिवसातील बहुतेक वेळ मन उदास राहत असेल किंवा एरवी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, आपण कुचकामी आहोत असे सारखे वाटत असेल, तर ते नैराश्याच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक ठरते. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो चोवीस तास चालू असतो, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. रात्री तीनला जाग येणे नेमके कशामुळे आहे, हेही एकदा डॉक्टरांशी बोलून घ्यावे असे मला वाटते.

आता तुमच्या दुपारीविषयी. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाच्या गावातील कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकाच वेळी बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळच वेळ हाताशी असल्यामुळे लोक अधिक वाचतील असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घसरले. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचे निरीक्षण केले तेव्हा पुरुष संथ चालत होते आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. स्त्रिया त्या मानाने भरभर चालत होत्या, कारण गिरणी बंद पडली तरी स्वयंपाक, धुणे आणि मुले यांनी त्यांचा दिवस बांधलेलाच होता. या अनुभवावरून याहोडा यांनी पुढे असे मांडले की नोकरी पगाराखेरीज आणखी काही गोष्टी नकळत देत असते: दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, आपल्या एकट्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात एक ओळख आणि नियमितपणे हातून काहीतरी होत राहणे. पगाराची उणीव तुमच्या घरी पत्नीच्या पगाराने बरीचशी भरून निघाली आहे. या बाकीच्या गोष्टींची उणीव मात्र भरून निघालेली नाही आणि दुपारी दोन ते पाच तुम्हाला तीच जाणवते.

त्यामुळे शोधाला वेळेची सीमा घालावी, असे मी सुचवेन. तुमच्याच सांगण्यानुसार खरे काम अकराला संपते; त्यानंतर दळण संपल्यावरही जाते फिरवत राहावे तसे चालते. बारा वाजता संगणक बंद करावा, मोबाइलवरील त्या संकेतस्थळांच्या सूचना बंद कराव्यात आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकदा, पंधरा मिनिटांसाठी, ईमेल पाहावी. दुपार घरात काढू नये. नगरवाचनालयात किंवा एखाद्या अभ्यासिकेत जाऊन बसणे हे चांगले आहे, पण त्याहून चांगले म्हणजे जिथे आपण गेलो नाही तर ‘आज का आला नाहीत?’ असे कोणीतरी विचारील अशी जागा. तुम्ही गुणवत्ता विभागातले आहात. आयटीआयच्या मुलांना मायक्रोमीटर नीट धरायला आणि ड्रॉइंगवरील टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वाचायला शिकवणारा माणूस आठवड्यातून दोन दुपारी मिळाला, तर तो कोणाला नको असेल? इथे उत्साह येण्याची वाट पाहू नये. उपचारात आम्ही हा क्रम मुद्दाम उलटा ठेवतो: आधी ठरल्या वेळी कृती, मग तिच्या मागून मनःस्थिती येते, आणि ती पहिल्या आठवड्यातच येईल असे नाही.

लिहिण्याचाही उपयोग होतो. अमेरिकेत नोकरी गेलेल्या अभियंत्यांवर झालेला एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटे, नोकरी जाण्याविषयी मनात खोलवर जे होते ते कोणालाही दाखवण्याच्या हेतूशिवाय लिहिले. दुसऱ्या गटाने वेळेच्या नियोजनासारख्या कोरड्या विषयांवर लिहिले. पुढील काही महिन्यांत पहिल्या गटातील अधिक लोकांना नोकरी मिळाली, आणि विशेष म्हणजे त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज किंवा फोन केले होते असे आढळले नाही. जुन्या कंपनीविषयीचा राग कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीत डोकावला नसावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. पण वही आणि वीस मिनिटे यांना खर्च नाही.

शेवटी स्वतःशी चाललेल्या बोलण्याविषयी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांच्या मराठी लेखनामुळे परिचित झालेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती एक साधा भेद करायला सांगते. ‘या मुलाखतीतून निवड व्हावी अशी माझी तीव्र इच्छा आहे’ हे वाक्य निराशा देऊ शकते, पण माणूस त्यातून उठतो. ‘निवड झालीच पाहिजे, नाहीतर मी अपयशी माणूस आहे’ या वाक्यात इच्छेची मागणी झालेली असते आणि एका निर्णयावरून सगळ्या माणसाचा निवाडा केलेला असतो. तुमचे डोके तीन वाजता यांपैकी कोणते वाक्य म्हणते, ते उशाशी कागद ठेवून शब्दशः लिहून पाहा. ‘सकारात्मक राहा’ यात हे काम येत नाही, म्हणूनच तो सल्ला पोकळ वाटतो.

कृष्णाकाठची (सांगली)

मी या प्रश्नाच्या घरातल्या बाजूने लिहिते. काही वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची खासगी कंपनीतील नोकरी अशीच गेली होती आणि आम्ही सगळे विश्रामबागेत सासूबाईंबरोबर राहत होतो.

त्या काळात सर्वांत जास्त भांडणे पैशांवरून झाली नाहीत, ती ‘काही कळले का?’ या तीन शब्दांवरून झाली. सासूबाई रोज रात्री भाकरी वाढताना तेवढेच विचारत. त्यांच्या मनात काळजीच होती, पण ते ऐकले की हे पानावरून उठत. मी विचारले नाही तर ‘तुला काही पडलेले नाही’ असे व्हायचे आणि विचारले तर ‘तूसुद्धा?’ असे व्हायचे. अखेर आम्ही एक ठरवून टाकले: रविवारी सकाळच्या चहानंतर हे स्वतः सगळ्यांना सांगतील, कुठे अर्ज केला, कुठून काय आले, पुढे काय. इतर सहा दिवस त्या विषयावर कोणीही बोलायचे नाही. सासूबाईंना पहिले दोन आठवडे फार जड गेले. पण रविवारी आपल्याला सगळे नीट सांगितले जाणार आहे अशी खात्री झाल्यावर त्यांचे विचारणे थांबले. पानावरून उठून जाणे तर त्याआधीच बंद झाले होते.

दुसरे म्हणजे आम्ही दोघांनी बसून वहीत खर्च मांडला. किराणा, वीज, शाळेची फी, हप्ता, औषधे. शिल्लक रकमेला त्याने भागल्यावर किती महिने निघतात हा आकडा समोर आला, तेव्हा तो आमच्या मनातल्या आकड्यापेक्षा बराच मोठा होता. मनातली भीती मोजलेली नव्हती म्हणूनच ती वाटेल तेवढी वाढत होती, असे मला आजही वाटते. त्याच बैठकीत लक्षात आले की सासूबाईंचा आरोग्यविमा कंपनीच्या गटविम्यातला होता आणि तो नोकरीबरोबरच संपला होता, म्हणून तो आधी स्वतंत्रपणे घेतला. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम लगेच सगळी काढून टाकावी असे हे म्हणत होते, परंतु निवृत्तिवेतन मिळायला किमान १० वर्षांची सेवा लागते आणि त्या योजनेतले पैसेही काढले की ती सेवा तुटते, हे एका परिचितांनी वेळेवर सांगितले. तुमची सेवा त्याहून जास्त झाली असेल तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्या एखाद्या तरुणाला असेल.

आणि एक आगाऊपणा करते. तुम्ही लिहिलेल्या दिवसात घरातले एकही काम दिसत नाही. पत्नी शाळेतून दमून येतात. दुपारचा काही वेळ स्वयंपाकघराला दिलात, मुलीच्या दहावीच्या विज्ञानाला दिलात, तर तो ‘मदत’ म्हणून देऊ नका, तुमच्याकडे सोपवलेले काम म्हणून घ्या. यजमानांनी तेव्हा भाजी आणि संध्याकाळचा स्वयंपाक घेतला होता आणि नोकरी लागल्यावरही रविवारचा स्वयंपाक सोडलेला नाही.

लेथवाला (सातारा)

वरच्या ताईंचे सगळे पटले, परंतु तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही, म्हणून लिहितो. माझा साताऱ्यातच छोटा वर्कशॉप आहे. मोठ्या पुरवठादारांना आम्ही मशीनिंग करून देतो.

काम घ्या. मी हे परोपकारबुद्धीने सांगत नाही. आमच्यासारख्याला ग्राहक रोज म्हणतो की आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची तयारी करा, पीपीएपी (नव्या भागाच्या मंजुरीची कागदपत्रे) नीट द्या, कंट्रोल प्लॅन (तपासणीचा लेखी आराखडा) आणि प्रत्यक्ष काम जुळले पाहिजे. ऑडिटची तारीख आली की मी, माझा मुलगा आणि एक डिप्लोमावाला असे तिघे रात्री बसून रकाने भरतो आणि तरीही त्रुटी निघतातच. पूर्ण वेळ तुमच्यासारखा माणूस ठेवणे आम्हाला झेपत नाही, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस आला तर त्याची किंमत आम्हाला पुरेपूर कळते. या जिल्ह्यात कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’ हे मुलांच्या अंगी बाणवले. इथे कमी पैशांच्या कामाला कोणी हलके मानील ही शंका काढून टाका.

समुपदेशक ताईंनी दुपारी आयटीआयला जायला सांगितले. तेही चांगलेच, पण माझे मत थोडे वेगळे आहे. फुकट काम केले की चाळिशीतल्या माणसाला काही दिवसांनी आपण वेळ घालवतो आहोत असे वाटू लागते. थोडे का होईना, पण मोबदला घेऊन केलेल्या कामात समोरचा चूक काढतो, घाई करतो, वाद घालतो. तुम्हाला त्या पुरवठादाराबरोबरच्या वादाचीसुद्धा आठवण येते असे तुमच्याच लिहिण्यात आहे.

मिरजेची_समुपदेशक (मिरज)

लेथवाल्यांशी मी वाद घालणार नाही. मोबदला मिळणारे काम उपलब्ध असेल आणि त्यात शोधासाठी सकाळ मोकळी राहत असेल, तर ते माझ्या सूचनेपेक्षा सरसच आहे. फक्त ज्यांच्यापुढे असे काम नाही त्यांनी मोबदल्यावाचूनचे काम निरर्थक समजू नये, एवढेच.

अजिंक्यताऱ्याखालचा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. ‘बंद’ लिहिण्याची वही कालच केली आणि तीन कंपन्यांपुढे तो शब्द लिहिलाही. रविवारचा नियम पत्नीला वाचून दाखवला, तेव्हा ती हसून म्हणाली की तिला विचारायचे तर रोजच असते, पण ती माझ्या तोंडाकडे पाहून गप्प बसते. स्वयंपाकघराच्या परिच्छेदावर तिने काही भाष्य केले नाही, परंतु तो दोनदा वाचला.

आता दोन शंका उरल्या आहेत. वडिलांना न दुखावता लोकांना खरे सांगायला सुरुवात कशी करावी? आणि लहान कारखान्यातील काम घेतले तर पुढच्या मुलाखतीत त्याचा उल्लेख कसा करावा, म्हणजे पूर्वीच्या पगाराची पातळी खाली येणार नाही?

कृष्णाकाठची (सांगली)

वडिलांची परवानगी मागू नका आणि त्यांना अंधारातही ठेवू नका. ‘कामासंबंधी ज्यांचा उपयोग होईल अशा चार-पाच जणांना मी सांगणार आहे’ असे आधी त्यांना सांगा. सगळ्या गल्लीत दवंडी पिटायची नाही हे कळले की त्यांचा विरोध निम्मा होईल. शक्य असेल तर त्यांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला त्यांनाच सांगू द्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्यांचीही मुले खासगी नोकऱ्यांत आहेत आणि त्यांच्याकडेही हे घडून गेलेले असण्याची शक्यता बरीच आहे. आमच्या सासूबाईंनी भीत भीत शेजारच्या काकूंना सांगितले, तर त्यांच्या जावयाचेही तेच निघाले आणि नंतर दोघी मिळून कंपन्यांना नावे ठेवत बसू लागल्या. बोलताना लांबण लावू नका. ‘कंपनीचे काम बंद झाले, मी क्वालिटीमध्ये नवीन बघतोय, तुमच्या कानावर काही आले तर कळवा,’ एवढे म्हणून चहा घ्यायचा आणि दुसऱ्या विषयावर यायचे. सांगणाऱ्याचा आवाज अपराध्यासारखा नसेल तर ऐकणाराही सांत्वनाला येत नाही.

निवड_विभाग (सांगली)

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. त्या कारखान्याशी मासिक पगार ठरवू नका, दिवसाप्रमाणे किंवा कामाप्रमाणे व्यावसायिक शुल्क ठरवा. उदाहरणार्थ ऑडिटची तयारी, किंवा ठरावीक भागांचे पीपीएपी. एका पानावर कामाचे स्वरूप, आठवड्याचे दिवस आणि ‘पूर्ण वेळ नोकरी मिळाल्यास पंधरा दिवसांच्या सूचनेने काम थांबवता येईल’ ही अट लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मग अर्जात ते ‘गुणवत्ता सल्लागार, स्वतंत्र’ असे येते आणि शेवटचा पगार म्हणून पूर्वीच्या कंपनीचाच आकडा राहतो. कोणी थेट विचारले तर शुल्काचा आकडाही खरा सांगावा. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

नोकरी का गेली या प्रश्नाला दोनच वाक्ये पुरतात: ग्राहकाचे काम गेले आणि विभागातील पदे कमी झाली. तिसरे वाक्य लगेच आजच्या कामावर यावे, म्हणजे कोणत्या कारखान्यात कोणती त्रुटी सापडली आणि ती कशी बंद केली. मुलाखत घेणारा गुणवत्ता विभागाचा असेल तर तो पुढचा सगळा वेळ त्या त्रुटीवरच घालवील, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. आणि तुम्ही लगेच रुजू होऊ शकता हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहा; नव्वद दिवसांची नोटीस असलेल्या उमेदवारांच्या रांगेत आमच्यासारख्यांची नजर त्या एका ओळीवर थांबते. एप्रिलमध्ये नवी पदे मंजूर होऊ लागतात, तेव्हा शिरवळ आणि कुपवाडकडच्या ज्या कंपन्यांपुढे ‘बंद’ लिहिले आहे त्यांना त्या सुमारास पुन्हा एकदा नव्याने अर्ज करायला हरकत नाही.